दुखतंय वाटीखाली, म्हणून रगडायचं नाही वाटीखाली

वाचक विचारतात: माझी मुलगी साडेतेरा वर्षांची आहे, किशोरी गटात खो-खो खेळते. गेल्या वर्षभरात तिची उंची ७ सेंटीमीटर वाढली. तीन महिन्यांपासून उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली दुखतं आणि तिथं सुपारीएवढं टेंगूळ आलंय. चौकोनातून उठताना आणि सूर मारल्यावर जास्त दुखतं. अधूनमधून दोन्ही नडग्याही दुखतात. सराव सकाळी दीड तास, संध्याकाळी दोन तास, आठवड्याचे सातही दिवस. माझे सासरे तालमीतले जुने पैलवान. ते रोज रात्री अर्धा तास तिळाच्या तेलानं तिचे पाय रगडतात आणि टेंगूळ ‘बसावं’ म्हणून अंगठ्यानं दाबतात. ती रडते, पण दुखल्याशिवाय मोकळं होत नाही असं त्यांचं म्हणणं. मैदानावर येणारे एक मालिशवाले महिना ठरवून संघातल्या सगळ्या मुलींना मालिश करायला तयार आहेत. निवड चाचणी आठ आठवड्यांवर आली आहे. मालिश करावी का? केली तर कशी? पुढे दुखापत होऊ नये म्हणून काय करायचं? आणि गुडघ्याला नीकॅप घालू का?
– एक आई, धाराशिव जिल्हा

ताई, आधी एक करा. आज रात्रीपासून त्या टेंगळाला कुणाचाही अंगठा लागू देऊ नका. तेलाची वाटी फडताळात परत ठेवायची गरज नाही. तेल कुठं लावायचं आणि कुठं नाही, एवढंच बदलायचंय, आणि आजोबांच्या हाताला पुढे भरपूर काम आहे.

स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवून बघा. वाटीच्या खालच्या टोकापासून बोट खाली सरकवलं की एक जाड, ताणलेली दोरी लागते. दोनेक इंचांवर ती नडगीच्या हाडावरच्या उंचवट्यात जाऊन संपते. मांडीच्या पुढच्या भागातला सगळा स्नायू या दोरीनं त्या उंचवट्याला बांधलेला असतो. तुमचा उंचवटा कधीच पक्कं हाड झाला. लेकीचा अजून नाही. तिथं वाढीची कूर्चा आहे, आणि सबंध जोडणीतली सगळ्यात कच्ची जागा तीच. वाढीच्या वयात हाडं आधी लांबतात, स्नायू मागून येतात. मधल्या काळात मांडीचा स्नायू आखूड पडल्यासारखा वागतो आणि दोरी त्या कच्च्या जागेला सतत खेचत राहते. शरीर त्या ओढीला उत्तर म्हणून तिथं जादा हाड घालतं. ते तुमचं टेंगूळ.

पत्रातल्या वर्णनावरून हे ‘ऑसगुड-श्लॅटर’ वाटतं. १९०३ साली एक अमेरिकन आणि एक स्विस डॉक्टर अशा दोघांनी ते वेगवेगळं नोंदवलं, म्हणून हे जोडनाव. मुलींमध्ये साधारण १० ते १३ आणि मुलांमध्ये १२ ते १५ या वयात, उड्या आणि धावण्याच्या खेळांत ते नेहमी दिसतं. उंचीची वाढ थांबून कूर्चेचं हाड झालं की बहुतेकांचं दुखणं जातं. टेंगूळ मात्र अनेकदा जन्मभर राहतं, त्याचा त्रास नसतो, फार तर फरशीवर गुडघे टेकताना जाणवतं. दाबून ते आत जात नाही, कारण ती गाठ नाही, हाड आहे. दाबल्यानं एकच होतं: आधीच सुजलेल्या कूर्चेला आणखी मार बसतो.

पत्र वाचून निदान होत नसतं. दुखणं एकाच पायाला आहे आणि तीन महिने झालेत, तेव्हा हाडांच्या डॉक्टरांना एकदा दाखवून एक्स-रे काढून घ्या. जिल्हा रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातही ते होतं. आणि पुढचं काही दिसलं तर ‘या आठवड्यात जाऊ’ असं न म्हणता लगेच जा: दुखणं रात्री झोपेतून उठवतंय, खेळ थांबवूनही वाढतंय, सूज वाढत चाललीय किंवा कातडी गरम लागतेय, ताप किंवा वजन घटणं, गुडघा अडकतो किंवा आतून सुजतो. या वयात हाडाच्या गंभीर गाठी गुडघ्याच्या आसपासच जास्त होतात. त्या फार क्वचित आढळतात, पण ‘मुका मार असेल’ म्हणत महिनोन्‌महिने चोळत बसल्यानं निदान उशिरा होतं, म्हणून सांगतोय. दुसरी गोष्ट पालकांना सहसा माहीत नसते. गुडघा दुखतोय म्हणणाऱ्या मुलाचा दोष कधीकधी खुब्यात असतो. तिला पाठीवर झोपवून गुडघा सावकाश छातीकडे न्या. मांडी सरळ वर न येता आपोआप बाहेरच्या बाजूला वळत असेल आणि ती लंगडतही असेल, तर चालवू नका, उचलून दवाखान्यात न्या. उडी मारताना ‘कट्’ आवाज होऊन पाय सरळच करता येईना, तरी तेच. अशा वेळी तेल, शेक, पट्टी काही नको.

आता मालिश. तिच्याबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात आणि दोन्ही चुकीची. चांगल्या मालिशीनं सरावानंतरची दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीची अंगदुखी थोडी कमी होते, आखडलेला स्नायू काही काळ सैल पडतो, झोप बरी लागते. एवढं खरं. मालिशीनं वेग वाढतो, ताकद येते, ‘रक्त साफ होतं’ किंवा दुखापत टळते, याला आधार नाही. तालमीतला रगडा पंचवीस वर्षांच्या, हाडं पक्की झालेल्या पैलवानासाठी आहे. त्यातलं कौशल्य खोटं नाही, तेराव्या वर्षीचा पाय वेगळा आहे. आजोबांना ‘तुमचं चुकलं’ असं सांगू नका, ‘हाड अजून कच्चं आहे, स्नायूवर हात चालवा’ असं सांगा. पैलवानाला कच्चं आणि पक्कं यातला फरक कळतो.

नियम एकच: बोटाखाली मांस लागतंय तिथं मालिश, हाड लागतंय तिथं नाही. वाटी, टेंगूळ, नडगीची पुढची धार, घोट्याची हाडं, टाच, सगळं वगळा. गुडघ्यामागची लवणही वगळा. तिथून मोठी रक्तवाहिनी आणि नस कातडीच्या फार खाली नाही अशी जाते, तिथं अंगठा रोवायचा नसतो.

आठवड्यातून दोनदा पुरे, रोज नको. वेळ निवडा सराव झाल्यानंतर दोन-तीन तासांनी, पोट हलकं असताना. तेल तिळाचं असो की खोबऱ्याचं, फरक पडत नाही. हात सरकावा एवढ्यासाठीच ते असतं. एका पायाला एक चहाचा चमचा बास. जास्त घातलं तर हात घसरतो, स्नायू पकडीत येत नाही, मग माणूस नकळत जोर वाढवतो.

तिला पाठीवर झोपवा, गुडघ्यांखाली चादरीची गुंडाळी द्या म्हणजे मांडी सैल पडेल. पहिलं मिनिट दोन्ही तळवे सपाट ठेवून गुडघ्याच्या वरून जांघेच्या दिशेनं लांब, सावकाश हात फिरवा. दिशा नेहमी खालून वर. सुरुवात वाटीच्या चार बोटं वरून करा आणि मांडीचा वरचा एक तृतीयांश भाग सोडून थांबा. मग दोन-तीन मिनिटं कणीक मळतो तसं: तळहात आणि बोटांच्या मध्ये स्नायू धरायचा, हाडापासून किंचित उचलायचा, पिळायचा, सोडायचा. एका हातानं सोडताना दुसऱ्यानं धरायचं. अंगठ्याचं टोक रोवणं, कोपर, पायानं तुडवणं यातलं काही नाही. शेवटी पुन्हा मिनिटभर लांब हात. मग पालथी झोपवून, घोट्याखाली टॉवेल देऊन, पोटरी तशीच. टाचेच्या वरची शीर जिथं संपून मांसल भाग सुरू होतो तिथून लवणेच्या चार बोटं खालपर्यंत. मांडीची मागची बाजूही याच पद्धतीनं. एका पायाला आठ ते दहा मिनिटं.

जोर किती? दहापैकी चार. मालिश चालू असताना तिला शाळेतली एखादी गोष्ट सांगायला लावा. बोलता बोलता श्वास अडकला, बोटं आवळली, पाय मागे ओढला, की जोर जास्त झाला. दुसऱ्या दिवशी निळे-काळे डाग दिसले तर तो मालिशीचा गुण नाही, आत रक्त साकळलंय. दुखणारा स्नायू दाबाखाली आणखी आवळून बसतो, त्यामुळे ‘दुखल्याशिवाय मोकळं होत नाही’ हे नेमकं उलटं आहे.

नंतर पाय साबणानं धुवायचे. तेल तसंच ठेवून मैदानात उतरलं की माती चिकटते, केसांच्या मुळाशी पुळ्या येतात, आणि तळव्याला तेल असेल तर खांबावर वळताना पाय निसटतो. चाचणीच्या आदल्या रात्री जोराची मालिश अजिबात नको. दुसऱ्या दिवशी पाय जड लागतात. हात लावायचाच असेल तर हलका, पाच मिनिटं.

मालिश करायला कुणी नसेल तर लाटणं चालतं. बसून, सलवारीवरूनच, मांडीवर आणि पोटरीवर प्रत्येक जागी अर्धा मिनिट फिरवायचं. हाडावर न्यायचं नाही.

बामाबद्दल. कापूर-मेंथॉलचा बाम लावल्यावर गार-गरम वाटतं आणि दुखण्यावरून लक्ष हटतं, त्यापलीकडे तो आत काही करत नाही. बाम चोळून वरून शेक देणं किंवा घट्ट पट्टी बांधणं मात्र टाळाच, कातडी भाजते. खेळण्याआधी दुखणं मारायची गोळी घेऊन उतरणं हा त्याहून वाईट प्रकार. दुखणं तसंच राहतं, इशारा तेवढा बंद होतो.

काही वेळा स्नायूवरही मालिश चालत नाही. ताप असताना, कातडीवर नायटा किंवा पुळ्या असताना, मुंग्या-बधिरपणा असताना, आणि ताज्या दुखापतीला. पहिले तीन दिवस लचकलेल्या किंवा फाटलेल्या स्नायूला चोळलं तर आतला रक्तस्राव वाढतो. यातला मांडीचा मुका मार आमच्या मते सगळ्यात दुर्लक्षित. दोन मुली धडकतात, एकीचा गुडघा दुसरीच्या मांडीत बसतो, आणि संध्याकाळी घरी कुणीतरी ती मांडी जोरजोरात चोळून ‘साकळलेलं रक्त मोडतं’. अशा चोळण्यानं साकळलेल्या जागी स्नायूच्या आत हाड तयार व्हायचा धोका वाढतो, आणि मग काही महिने गुडघा पूर्ण वाकत नाही. त्या वेळी करायचं ते साधं आहे: गुडघा सहन होईल तेवढा वाकवून ठेवायचा, ओल्या रुमालात गुंडाळलेला बर्फ १५ मिनिटं, हलकी पट्टी.

मैदानावरच्या मालिशवाल्यांबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: नको. एक तर एकाच हातानं एकामागून एक बारा मुलींना मालिश म्हणजे प्रत्येकीचं दुखणं वेगळं असूनही सगळ्यांना एकच रगडा. दुसरं, अल्पवयीन मुलीच्या अंगाला परक्या माणसानं हात लावण्याचे काही नियम असतात आणि ते संघानं ठरवून भिंतीला लावलेले हवेत. आई किंवा संघातली जबाबदार बाई समोर हजर, दार उघडं, मुलीच्या अंगावर चड्डी-टीशर्ट, दुखतंय तेवढाच भाग, आणि ती ‘नको’ म्हणाली की त्या क्षणी हात बाजूला. हे नियम ऐकून ज्याला राग येतो त्याला बोलवायचं नाही. घरातही तिला विचारूनच. तेराव्या वर्षी मुलीला संकोच वाटू शकतो आणि ती तो बोलून दाखवेलच असं नाही. तिला पाहिजे असेल तर लाटणं तिच्याच हाती द्या. संघाकडे पैसे असतील तर महिन्यातून एकदा क्रीडा फिजिओथेरपिस्टला बोलवा. त्या पैशांचा तोच उपयोग चांगला.

खरं औषध सरावाच्या वेळापत्रकात आहे. साडेतीन तास रोज, सातही दिवस, म्हणजे आठवड्याला साडेचोवीस तास. या वयासाठी क्रीडावैद्यकात ढोबळ मोजमाप आहे: आठवड्यातले खेळाचे तास वयाच्या आकड्याहून जास्त नकोत, आणि आठवड्यात एक ते दोन दिवस पूर्ण सुट्टी. तुमच्या लेकीसाठी १३ तास. ती जवळजवळ दुप्पट खेळतेय, आणि तेही अशा वर्षात जेव्हा हाडं पळतायत. खो-खोत आक्रमक चौकोनात उकिडवा बसतो, गुडघा पूर्ण दुमडलेला, आणि ‘खो’ कानावर पडताच त्या अवस्थेतून सुटतो. वाटीखालच्या दोरीवर यापेक्षा जास्त ओढ टाकणारी हालचाल शोधून सापडायची नाही. एका सरावात तिच्या अशा किती बैठका होतात हे एकदा बाजूला बसून मोजा. प्रशिक्षकांशी बोलायला तो आकडा तास-मिनिटांपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

एक वही करा. रोज तीन नोंदी: बैठकांचा आकडा, सरावाची मिनिटं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एक पायरी उतरताना दुखणं दहापैकी किती. दोनपर्यंत असेल तर जे चाललंय ते चालू द्या. तीन ते पाच असेल तर कालच्यापेक्षा कमी करा. सहा किंवा जास्त असेल तर त्या दिवशी धावणं बंद. आकडा सकाळचाच हवा. खेळताना अंग गरम असतं, मैत्रिणी असतात, दुखणं कमी लागतं. सकाळी गुडघा खरं बोलतो.

चाचणी आठ आठवड्यांवर आहे. पहिले दोन आठवडे बैठकांवरून उठणं, वेगानं पळणं आणि सूर पूर्ण बंद. घरी बसवू नका. खो देण्याची वेळ, हाताची जागा, समोरच्या मुलीची साखळीतली (बसलेल्या मुलींमधून नागमोडी पळतानाची) हुलकावणी ओळखणं हे सगळं चालत चालत शिकता येतं. न दुखता सायकल चालत असेल तर २० मिनिटं सायकल. रोज दोन वेळा: पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, मांडी ताठ करून गुंडाळी खाली दाबायची, १० सेकंद धरायची, १० वेळा. पाठीवर झोपून, गुडघे वाकवून, कंबर उचलायची आणि ३ सेकंद धरायची, १० वेळाचे तीन फेरे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात भिंतीला पाठ टेकून अर्धवट बसणं, खुर्चीएवढं खाली नाही, त्याच्या निम्मं, ३० सेकंदांचे चार फेरे, आणि सरळ रेषेत हळू पळणं. सकाळचे आकडे दोनच्या आत राहिले तर पाचव्या आठवड्यापासून बैठका परत आणा, एक दिवसाआड, पहिल्या दिवशी फक्त दहा. मग खांबावरचं वळण निम्म्या वेगानं. शेवटी सूर, तोही गुडघ्याला फोमचं पॅड बांधून. एका आठवड्यात एकच गोष्ट वाढवायची. दोन वाढवल्या आणि दुखलं, तर कशानं दुखलं ते कळत नाही.

प्रामाणिकपणे सांगायचं तर पूर्ण बरं व्हायला किमान बारा आठवडे लागतात, बरेचदा त्याहून बरेच जास्त. आठ आठवड्यांत ती चाचणीला उतरेल, पण कदाचित पूर्ण वेगानं नाही. पुढच्या वर्षी ती या वयोगटातून बाहेर पडेल, त्यामुळे ही संधी जाऊ नये असं वाटणं साहजिक आहे. प्रशिक्षकांना वही दाखवा आणि तिला संरक्षणात जास्त व आक्रमणात कमी खेळवता येईल का ते विचारा. संरक्षणात चौकोनातून उठणं नसतं. सातव्या आठवड्यातही सकाळचा आकडा पाचच्या वर असेल तर मात्र चाचणी सोडा.

मांडी ताणताना टाच कुल्ल्याला लावायचा तो प्रसिद्ध व्यायाम सध्या नको, त्यात दोरी नेमकी टेंगळावर ओढली जाते. मांडीच्या मागचा आणि पोटरीचा ताण द्या, ३० सेकंदांचे दोन, सरावानंतर. हॅमस्ट्रिंगसाठी, म्हणजे मांडीमागच्या स्नायूसाठी, गुडघ्यांवर उभं राहून जोडीदारानं घोटे धरायचे आणि पुढे झुकायचं, हा फार उत्तम व्यायाम आहे, पण त्यात सगळं वजन टेंगळावर येतं. तो बरं झाल्यावर, तोही उशीवर गुडघे टेकून.

नडग्यांचं वेगळं पाहावं लागेल. आतल्या कडेला बोट फिरवा. दुखरा भाग वीतभर पसरलेला असेल आणि पळायला लागल्यावर थोडा निवळत असेल तर तो जास्तीच्या सरावाचा त्रास, वरच्या वेळापत्रकानं तोही कमी होईल. पोटरीची मालिश उपयोगी, नडगीची नाही. जिन्याच्या पायरीवर पंजे टेकवून टाचा वर-खाली, १५ वेळाचे दोन फेरे, एक दिवसाआड. पण एका बोटाच्या टोकानं दाखवता येईल अशी एकच जागा दुखत असेल, त्या पायावर उडी मारली की कळ येत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ती एक्स-रेमध्ये दिसतही नाही. ‘एक्स-रे नॉर्मल आला’ म्हणून खेळायला सोडू नका, डॉक्टरांना ती एक जागा बोटानं दाखवा.

पुढच्या दुखापती टाळायच्या तर सगळ्या संघाचा वॉर्मअप बदला. मैदानाला दोन फेऱ्या आणि उभ्यानं हात-पाय ताणणं पुरेसं नाही. फुटबॉलमध्ये ‘फिफा ११+’ नावाचा २० मिनिटांचा वॉर्मअप आहे. नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या मुलींवर तो वापरून पाहिला, २००८ साली निष्कर्ष आले, तेव्हा एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशानं कमी झाल्या होत्या. त्याचा गाभा खो-खोला चालतो: चार मिनिटं हळू, आडवं आणि मागे पळणं, एका पायावर तोल ३० सेकंद, दोन्ही पायांनी, बैठका १०, बाजूची फळी (कुशीवर, एका कोपरावर अंग सरळ उचलून धरणं) २० सेकंद, मग उड्या, आणि शेवटी वाढत्या वेगाच्या धावा. आठवड्यातून किमान दोनदा, सबंध मोसमभर. आठवडाभर करून सोडलं तर काही होत नाही.

यातल्या उड्यांवर नजर ठेवा. वीतभर उंचीच्या पायरीवरून दोन्ही पायांवर उतरायला सांगा आणि समोरून मोबाइलवर चित्रण करा. उतरताना गुडघे एकमेकांकडे आत झुकतात का? वयात आल्यानंतर मुलींमध्ये गुडघ्याच्या सांध्याच्या आत असलेला ‘एसीएल’ हा अस्थिबंध तुटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा बरंच जास्त असतं आणि हे आत झुकणं त्याच्या कारणांपैकी एक मानलं जातं. गुडघा दुसऱ्या बोटाच्या रेषेत, उतरताना आवाज कमी. आठ उड्या, आठवड्यातून तीनदा. तुमच्या लेकीनं सहाव्या आठवड्यापासून. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, मुलींमध्ये कर्णधार प्रियांका इंगळेच्या भारतीय संघानं तो जिंकला, आणि तो मॅटवर झाला. आता जिल्ह्याजिल्ह्यात मॅटची मागणी आहे. चांगलंच आहे, पण मातीत पाय थोडा सरकतो, मॅटवर तो रुततो आणि वळण्याचा पीळ गुडघ्यात जातो. मॅटवर सराव सुरू करताना पहिले दोन आठवडे वेग कमी ठेवा.

झोप आठ ते दहा तास. सकाळचा सराव पहाटे पाचला असेल तर रात्री नऊला अंथरूण, नाहीतर सकाळचा सराव सोडा. आमचा कल दुसऱ्याकडे. या वयात कॅल्शियम रोज सुमारे १००० मिलिग्रॅम लागतं; १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० असतं, बाकी दूध, दही, तीळ. सरावाला उपाशीपोटी पाठवू नका, शेंगदाण्याचा एक लाडू तरी. पाळी सुरू झालेली असेल आणि सलग तीन महिने आली नाही, तर ‘खेळामुळे होतं’ म्हणून सोडू नका. अंगाला पुरेसं खाणं मिळत नसल्याची ती खूण असू शकते, आणि हाडाला चीर पडते ती बरेचदा अशाच मुलींच्या.

दर महिन्याच्या एक तारखेला भिंतीवर पेन्सिलीनं उंचीची खूण करा. महिन्याला अर्ध्या सेंटीमीटरहून जास्त वाढ दिसली की पुढचा महिना सराव वाढवायचा नाही.

राहिली नीकॅप. रबरी नीकॅपनं गुडघा उबदार राहतो, बाकी काही नाही, आणि तिची खालची कड टेंगळावर आवळत असेल तर त्रासच. दोन पर्याय बरे. सूर मारताना जमिनीचा मार टेंगळाला बसू नये म्हणून फोमचं पॅड. आणि धावताना वाटी आणि टेंगूळ यांच्या मधल्या दोरीवर बांधायचा अरुंद पट्टा, एक बोट आत जाईल एवढा सैल. पट्टा बांधून दुखणं कमी होतंय का ते पहिल्याच दिवशी कळतं. होत नसेल तर दुकानात परत द्या.